नऊ डॉलर अठ्ठ्याहत्तर सेंट

माझ्या भावाला, वेंडलला, सगळं गाव चांगला माणूस म्हणतं, आणि दर वेळी ते ऐकलं की माझी दाढ ठणकते. चर्चच्या पॅनकेक नाश्त्याला हातात उलथनं घेऊन तो पहिला उभा. कुणाची गाडी बर्फात रुतली की दोरखंड घेऊन हा धावला. तळ्याकाठी त्याचं बोटींचं दुकान आहे, तिथे फुकट कॉफी मिळते, म्हणून अर्धं गाव सकाळी तिथे पडीक असतं. मी शाळेत बावीस वर्षं स्वयंपाक करतेय. माझ्या कॉफीला कुणी येत नाही. मला तापट म्हणतात. आहे मी तापट. गेल्या फेब्रुवारीत काय झालं ते सांगते, मग तुम्हीच ठरवा.

आमची आई आर्डिस शहाऐंशी वर्षांची आहे. बाबांच्या गायी होत्या, आईच्या कोंबड्या. अंडी विकून आलेले पैसे ती बँकेत वेगळ्या खात्यात ठेवायची. कोंबड्या जाऊन वीस वर्षं झाली, तरी ते खातं अजून चालू आहे. आम्ही त्याला अंड्यांचं खातं म्हणतो. त्यावर वर्षाला एकाहत्तर सेंट व्याज येतं. कधी बहात्तर.

आता आमच्याकडची पद्धत अशी, की वर्षाचं व्याज दहा डॉलर किंवा वर झालं की बँक जानेवारीअखेर टपालानं फॉर्म पाठवते. त्याची एक प्रत सरकारला जाते. दहाच्या खाली असेल तर बँक कुणालाच काही पाठवत नाही. त्यामुळे सगळ्या जिल्ह्याची ठाम समजूत आहे, की फॉर्म आला नाही तर टॅक्सच्या रिटर्नमध्ये काही लिहायचं नसतं. आमचे पाद्रीसुद्धा लिहीत नाहीत, मी त्यांना विचारलंय. कायदा मात्र तसं म्हणत नाही. कायदा म्हणतो, एक सेंट आला तरी लिहा. आणि आईनं ते रिटर्नबरोबरच्या माहितीपत्रकात कधीतरी साठ साली वाचलं होतं.

"कागद आला नाही म्हणजे पैसे आले नाहीत असं होत नाही," ती म्हणायची, आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात चांगला कोट घालून बँकेत जायची. खिडकीवर उभी राहून व्याज लिहून घ्यायची. रिटर्नमध्ये सेंट सोडून नुसते डॉलर लिहायची मुभा आहे, पन्नास सेंटांच्या खालचं सरळ पुसून टाकता येतं, वरचं पूर्ण डॉलर धरायचं. आईला ते मान्य नव्हतं. ती सेंटांसकट लिहायची.

"आर्डिस," बाबा तिला चिडवायचे, "वॉशिंग्टनमध्ये सगळे जेवायचे थांबलेत. तुझे एकाहत्तर सेंट आल्याशिवाय कुणी घास घेत नाही म्हणे."

"थांबू देत. पोचतील," आई म्हणायची.

बाबा गेल्यावर शेत विकलं. ते पैसे दुसऱ्या खात्यात गेले. एक लाख ब्याऐंशी हजार आणि वर काही. ते शेताचं खातं. त्याला हात लावायचा नाही, हे आईनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तिला तळ्यापलीकडच्या वृद्धाश्रमात पूर्वेच्या खिडकीची खोली हवी होती. शेजारच्या खोलीत तिची शाळेपासूनची मैत्रीण इंगा राहते. तीन वर्षं आईचं नाव यादीत होतं. त्याआधीच्या नोव्हेंबरात ती तळघराच्या पायऱ्यांवरून पडली आणि पोस्टमन येईपर्यंत चार तास तशीच पडून होती. तेव्हापासून ती रोज एकदा तरी विचारायची, "खोलीचं काही कळलं का गं?"

जानेवारीत कळलं. एक एप्रिलला खोली रिकामी होणार होती. साठ हजार आगाऊ भरायचे, मग महिन्याचे वेगळे. पैसे बँकेत तयार होते.

म्हणजे आम्हाला तसं वाटत होतं.

फेब्रुवारीत मी आईला बँकेत नेलं. तिला आता डोळ्यांनी कडा तेवढ्या दिसतात, मधलं काही दिसत नाही. वॉकर घेऊन ती खिडकीपाशी गेली. खिडकीवर कोरीन असते. ती माझ्याच वर्गातली, तीस वर्षं त्याच खुर्चीवर आहे.

"कोरीन, माझं व्याज लिहून दे," आई म्हणाली. "ज्याचा कागद आला नसेल ते."

"ज्याचा आला नसेल ते सगळं?" कोरीननं विचारलं.

"सगळं."

कोरीननं बराच वेळ पडद्यावर पाहिलं. मग चिठ्ठीवर लिहिलं, घडी घातली, आणि आईच्या हातात न देता माझ्या हातात दिली. दर वर्षी ती आईलाच देते. माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. मला वाटलं, हिचा गुडघा दुखत असेल.

गाडीत बसल्यावर मी चिठ्ठी उघडली. दोन ओळी होत्या. अंड्यांचं खातं, एकाहत्तर सेंट. शेताचं खातं, नऊ डॉलर अठ्ठ्याहत्तर सेंट.

आदल्या वर्षी शेताच्या खात्यावर चारशे छप्पन्न डॉलर व्याज आलं होतं. रिटर्न मीच भरलं होतं, आकडा मला पाठ होता. कोरीननं चूक केली, असं म्हणून मी हीटर चालू ठेवला, आईला गाडीतच बसवलं आणि परत आत गेले.

"कोरीन, हा आकडा चुकलाय."

"नाही चुकला."

"चारशेच्या वर हवेत."

"नॅडीन, त्या खात्यावर तुझं नाव नाही. त्यातलं मला तुला काही सांगता येत नाही." ती खाली पाहून रबराचा शिक्का उगाच पुसत होती. "आर्डिसनं व्याज विचारलं, मी व्याज लिहिलं. तिचा हक्क आहे तो. आणि मी आकडे चुकत नाही."

मी गाडीत येऊन बसले.

"किती?" आईनं विचारलं.

"एकाहत्तर सेंट."

"आणि शेताचं? त्याचा कागद अजून आला नाही."

"येईल टपालानं. उशीर झालाय त्यांना."

सत्तावन्न वर्षांत व्याजाबद्दल मी आईशी पहिल्यांदा खोटं बोलले. तिनं चाचपून पट्टा लावला. आम्ही दर वर्षीसारखे हॉटेलात 'पाय' खायला गेलो, सारण भरून भाजलेला तो गोड पदार्थ. तिनं आंबट क्रीमचा घेतला, आणि मी कागदी रुमालावर पेन्सिलनं भागाकार केला. चारशे छप्पन्न भागिले तीनशे पासष्ट. दिवसाला सव्वा डॉलर. नऊ डॉलर अठ्ठ्याहत्तर सेंट म्हणजे आठवडाभराचं व्याज. जानेवारीचा पहिला आठवडा पैसे खात्यात होते, आणि मग उरलेलं सबंध वर्ष नव्हते.

त्याच्या आदल्या नाताळात, डोळ्यांच्या ऑपरेशननंतर, आईनं वेंडलला कुलमुखत्यारपत्र करून दिलं होतं. बँकेची स्टेटमेंटं तेव्हापासून त्याच्या ईमेलवर जायला लागली होती. मुलगा धंद्यातला आहे, त्याला कागदपत्रांतलं कळतं, असं ती म्हणाली होती. मला चारशे पोरांच्या जेवणाचा हिशेब दर महिन्याला जिल्ह्याला द्यावा लागतो, पण मी पडले स्वयंपाकीण.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी ॲप्रनसकट त्याच्या दुकानात गेले. दुकानाच्या बाजूची जागा त्यानं गेल्या वर्षी विकत घेतली होती. तिथे सपाट पत्र्याच्या, छत असलेल्या, नव्याकोऱ्या बोटी ओळीनं उभ्या होत्या, पांढऱ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून, वर बर्फ साचलेलं. मी मोजल्या. अकरा होत्या.

"अरे, नॅडीन! कॉफी?" वेंडल म्हणाला.

"आईचे पैसे कुठं आहेत?"

त्यानं आधी ऑफिसचं दार लावलं. निदान कुठले पैसे, असं त्यानं विचारलं नाही.

"हळू बोल. बाहेर गिऱ्हाईक आहे."

"फेब्रुवारीत बोटी घ्यायला गिऱ्हाईक? फुकट कॉफी प्यायला आलेत ते. पैसे कुठं आहेत?"

"बाहेर बोटी बघितल्यास ना? तिथंच आहेत. पैसे कुठं जात नाहीत गं, नुसते फिरतात. उन्हाळ्यात बोटी विकल्या की परत टाकतो. व्याजासकट."

"गेला उन्हाळा येऊन गेला, वेंडल."

"गेला उन्हाळा वाईट होता. जूनभर पाऊस पडला, तुलाही माहीत आहे."

"आणि खोली? एक एप्रिलला साठ हजार भरायचेत."

"त्यांना सांगू एक वर्ष थांबा म्हणून. आईची तब्येत काय वाईट आहे? स्वतःच्या घरात आहे, मजेत आहे."

"चार तास पायऱ्यांवर पडली होती ती!"

"तू तिच्याकडे राहायला जा ना मग. तुझ्या घरी तरी कोण वाट बघतंय तुझी?"

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. टेबलावर त्याच्या दुकानाचं नाव छापलेले मग होते. त्यातला एक मी उचलला आणि परत ठेवला. फेकायला हवा होता, असं मला अजून वाटतं.

"तुला वाटलं कुणाला कळणारच नाही," मी म्हणाले.

आणि इथे माझ्या भावानं जे सांगितलं ते ऐकून मला त्याची जास्तच चीड आली, कारण त्यात त्याची थोडी फुशारकी होती. "मी दहाच्या खाली ठेवलं होतं. मुखत्यारपत्राची कागदपत्रं बँकेत सहा जानेवारीला मंजूर झाली, आठला सकाळी मी पैसे काढले. आणखी एक दिवस गेला असता तर दहा झाले असते आणि फॉर्म निघाला असता. दहाच्या खाली फॉर्मच निघत नाही. तू बँकेत कशाला गेलीस?"

"अंड्यांच्या खात्यासाठी."

तो माझ्याकडे पाहतच राहिला. "एकाहत्तर सेंटांसाठी?" तो म्हणाला. "अजून?"

आईच्या त्या फेब्रुवारीच्या बँकवारीला तोही लहानपणी जायचा, त्या गोड 'पाय'साठी. तोच विसरला. व्याजाचा फॉर्म, सरकार, बँक, सगळ्यांचा विचार केला होता त्यानं. चांगला कोट घालून खिडकीपाशी जाणारी आई तेवढी विसरला.

"हे बघ, नॅडीन, लिहू नकोस ते. नऊ डॉलर कोण बघतं? टॅक्ससुद्धा एक डॉलर होईल. सेंट सोडून दे, पूर्ण डॉलर लिही, कुणाच्या लक्षातही येणार नाही."

"पूर्ण डॉलर लिहिले तर ते दहा होतात, गाढवा."

"मग शून्य लिही!"

"आईला वाचून दाखवते मी. शून्य वाचू?"

"मागच्या वर्षीचा आकडा वाच. तिला कुठं दिसतंय?"

मी दारापाशी गेले. "रविवारी दोन वाजता ती रिटर्नवर सही करणार आहे. तोवर तू स्वतः तिला सांग. नाही सांगितलंस तर मी सांगेन, आणि मी हळू बोलणार नाही."

त्यानं सांगितलं नाही. बुधवारी तिच्या अंगणातला बर्फ काढून आला. शुक्रवारी तिला मासे खायला घेऊन गेला, बिल भरलं, सगळ्यांसमोर तिच्या गालाचा मुका घेतला. शाळेत मला तिघींनी सांगितलं, वेंडल आईचं किती करतो बघ. मी एका घमेल्यात बटाटे असे कुटले की मुख्याध्यापक बघायला आले.

रविवारी दोन वाजता तो मात्र हजर. डोनटचं खोकं घेऊन आला आणि आईच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला. मी रिटर्नचे कागद, आईची जाड चौकट आणि पेन मांडलं. चौकट म्हणजे पुठ्ठ्याचा तुकडा, मधोमध कापून फट केलेली. ती सहीच्या जागेवर ठेवली की आई त्या फटीत बोटानं चाचपून सही करते. सही करण्याआधी मी एकेक ओळ मोठ्यानं वाचते आणि आई तो आकडा परत म्हणते. डोळे गेल्यापासूनची आमची रीत आहे ती. शपथेवर सही करायची तर ऐकल्याशिवाय ती कशी करणार?

मी बाबांच्या दूधसंघाची पेन्शन वाचली. आईनं आकडा परत म्हटला. मी सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे सरकारी पेन्शनचा आकडा वाचला. तोही तिनं म्हटला.

"करपात्र व्याज," मी म्हणाले. "अंड्यांचं खातं, एकाहत्तर सेंट."

"एकाहत्तर सेंट. आणि शेताचं?"

मी कागद वेंडलपुढे सरकवला. "तू वाच."

"मी कशाला? तू वाचतेयस ना."

"तुझ्याकडे मुखत्यारपत्र आहे. वाच."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच त्याचे पैसे उचललेत. त्यानं घसा खाकरला. "आई, हे बघ, या वर्षी बँकेचे दर जरा..."

"वेंडल," आई म्हणाली, "आकडा."

"नऊ डॉलर," तो म्हणाला.

"अठ्ठ्याहत्तर सेंट," मी म्हणाले.

आईनं आकडा परत म्हटला नाही. ती दूधसंघाची वही तीस वर्षं लिहायची, सगळे आकडे डोक्यात. तिचे ओठ थोडे हलले. टेबलावर बोटानं तिनं काहीतरी गिरवलं.

"हे आठवड्याचं व्याज आहे," ती म्हणाली. "पुढं काय झालं?"

वेंडलनं डोनटचं खोकं थोडं बाजूला सरकवलं.

"कोरीननं दोन ओळी लिहिल्या होत्या," आई माझ्याकडे तोंड करून म्हणाली. "मला दिसत नाही, पण पेन ऐकू येतं. तू मला एक सांगितलीस. मी म्हटलं, नॅडीन थांबलीय तर काहीतरी कारण असेल. मी पण थांबले."

मला शरम वाटली. माझी शरम वेंडलवर निघाली. "सांग!" मी ओरडले. "सांग तिला, किती काढलेस!"

"एक लाख ब्याऐंशी हजार पाचशे," तो म्हणाला. "आई, मी उसने घेतलेत. घरातल्या घरात. दुकानात आहेत, कुठं गेलेले नाहीत."

"उसने?"

"हो ना. परत देणारच आहे."

"बरं," आई म्हणाली. आवाज अगदी साधा होता तिचा. "मग व्याज किती ठरलं?"

"व्याज? आई, आपल्या-आपल्यात कसलं आलंय व्याज?"

"बँक मला वर्षाला साडेचारशे देत होती. तू किती देणार?"

"बँकेइतकं देईन. जास्त देईन."

"देईन नाही विचारलं मी. गेल्या वर्षाचं कुठाय? मी आत्ता सही करतेय, या ओळीत ते लिहायला लागेल. किती लिहू?"

चर्चमध्ये, दुकानात, मासे खाताना जो माणूस कधी गप्प बसत नाही, त्याला एक आकडा सांगता येईना.

"कागद केलास का काही? किती घेतले, कधी परत?"

"आई, मी तुझा मुलगा आहे. मला कागद कशाला?"

"म्हणजे व्याज नाही, कागद नाही, मला विचारलंही नाही," आई म्हणाली. "मग ते उसने नव्हते."

मी वाचनालयातून सरकारची जाड पुस्तिका आणून ठेवली होती, उत्पन्नात काय काय धरायचं त्याची. पान दुमडून ठेवलं होतं. ते वाचताना मला आनंद झाला, हे मी लपवणार नाही. "चोरलेली मालमत्ता," मी वाचलं. "चोरी ज्या वर्षी केली त्या वर्षीच्या उत्पन्नात ती दाखवावी. त्याच वर्षात मूळ मालकाला परत केली असेल तर दाखवू नये."

"असलं काही नसतं," वेंडल म्हणाला.

"इथे छापलंय. सरकारनं तुझीसुद्धा सोय केलीय. तुझ्या रिटर्नमध्ये लिहिलंस का?"

"नॅडीन, तुझं डोकं फिरलंय. तुला लहानपणापासून माझं चांगलं बघवत नाही. आई, ही तुला माझ्याविरुद्ध..."

"पंधरा एप्रिलपर्यंत तुझंही रिटर्न जायचंय," आई म्हणाली. "त्यात तू काय लिहायचं ते तू बघ. खोलीसाठी एक तारखेच्या आत पैसे लागतात. आणू शकशील?"

तो खोक्यातल्या डोनटांकडे पाहत बसला.

"किती आणू शकशील?"

"आत्ता? आई, आत्ता सीझन नाही. जूनमध्ये..."

"बरं."

आईनं चौकट चाचपली. मी ती सहीच्या जागेवर नीट धरली. तिनं फटीत पेन टेकवलं आणि आर्डिस एम. टॉर्गर्सन असं सावकाश लिहिलं. शेवटचं अक्षर फटीबाहेर गेलं नाही. वेंडल उठला, टोपी घातली, दारात थांबला. तिनं त्याला हाक मारली नाही. जाताना तो डोनट ठेवून गेला, आणि ते मी कचऱ्यात टाकले, खोक्यासकट.

सोमवारी सकाळी मी शाळेतून रजा घेतली. मी पोचले तेव्हा आई फोनवर होती. "हो, पूर्वेच्या खिडकीची," ती सांगत होती. "ती दुसऱ्या कुणाला द्या. इंगाला मी स्वतः सांगेन." फोन ठेवून तिनं चांगला कोट मागितला, बँकेत जायचा.

"कुठं जायचंय?"

"आधी टपाल. रिटर्न आजच जाऊ दे. मग शेरीफकडे."

आणि मी, जी आठवडाभर त्याच्या नावानं भांडी आपटत होते, मी म्हणाले, "आई, वेंडल आहे तो. आपला वेंडल."

"माहीत आहे मला कोण आहे ते," ती म्हणाली. "दुसरी बाही धर."

वाटेत तिचा चेहरा मी आरशात पाहिला. माझा राग शाळेच्या जेवणघरापर्यंत ऐकू जातो. तिचा मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसला, आणि मला त्याची भीती वाटली.

शेरीफच्या ऑफिसात काउंटरवर एक तरुण डेप्युटी होता. आईला त्यानं खुर्ची आणून दिली. पैसे कुणी घेतले म्हणून विचारल्यावर आईनं नाव सांगितलं, आणि त्याचं पेन थांबलं.

"बोटवाले वेंडल? पण बाई, ते तर..." तो म्हणाला, आणि माझ्याकडे बघून गप्प झाला. चांगले आहेत, असंच म्हणणार होता.

"वेंडल लेरॉय टॉर्गर्सन," आई म्हणाली. "लेरॉय माझ्या भावाचं नाव. लिहा."

त्यानं लिहिलं. "आणि रक्कम?"

"एक लाख ब्याऐंशी हजार पाचशे डॉलर. आणि त्यावरचं तेवढ्या दिवसांचं व्याज, जे मला बँकेकडून मिळालं असतं. चारशे सत्तेचाळीस डॉलर पन्नास सेंट."

"व्याजाचं राहू द्या, बाई," तो समजुतीनं म्हणाला. "एवढ्या मोठ्या रकमेपुढे ते किरकोळ आहे. नाही लिहिलं तरी चालतं."

"किरकोळ असलं तरी लिहा," आई म्हणाली. "त्यावरूनच कळलं."

त्यानं लिहिलं. पन्नास सेंट त्यानं सोडले होते. मी काउंटरवर बोट ठेवून दाखवलं, आणि त्यानं तेही लिहिले.